कोडिंगचा अजिबात अनुभव नसताना वेब पेज बनवण्याचा सराव कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की कॉमर्सला आहात, यूट्यूबवर एचटीएमएलचे व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण कोरी फाईल उघडली की एक ओळ सुचत नाही. शिवाय लॅपटॉप जुना आहे. लॅपटॉपची काळजी आधी सोडा. एचटीएमएल म्हणजे साधा मजकूर, त्याला नोटपॅड आणि ब्राउझर पुरतो.

सुचत नाही, कारण काय बनवायचं तेच ठरलेलं नाही. व्हिडिओतल्या काल्पनिक कंपनीच्या होमपेजशी तुमचं काही देणंघेणं नसतं. म्हणून पहिलं पान अशा गोष्टीचं करा, जी तुम्हाला माहीत आहे आणि कोणाच्या तरी उपयोगाची आहे. मी नवीन मुलांना हमखास एकच काम देतो: आपल्या स्टँडवरच्या एसटीचं वेळापत्रक. बोर्डावरून वेळा वहीत उतरवून आणा आणि त्यांचं पान करा. त्यात मथळा येतो, परिच्छेद येतो, टेबल येतं, आणि वेळ चुकली तर लगेच कळतं.

नोटपॅडमध्ये फाईल सेव्ह करताना नावाच्या शेवटी '.html' लिहा आणि प्रकार 'ऑल फाईल्स' निवडा. नाहीतर नावापुढे गुपचूप टीएक्सटी चिकटतं आणि ब्राउझरमध्ये पानाऐवजी नुसता कोड दिसतो. विंडोज जुनं असेल तर तिथेच एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) यूटीएफ-८ निवडा, कारण जुनं नोटपॅड आपणहून ते निवडत नाही आणि मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात.

मराठीत पान करणाऱ्याला पहिला धडा इथेच मिळतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पानाच्या हेड भागात (सुरुवातीच्या, पानावर न दिसणाऱ्या) मेटा टॅग, म्हणजे कोनी कंसातली ब्राउझरसाठीची सूचना, टाकून 'कॅरसेट यूटीएफ-८' असं सांगितलं नाही, तर ब्राउझर ते तीन बाइट तीन वेगवेगळी रोमन चिन्हं समजू शकतो आणि 'सातारा'च्या जागी अगम्य चिन्हांची रांग उमटते. घरच्या मशीनवर तो कधीकधी अंदाजाने बरोबर दाखवतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. ती ओळ पहिल्या दिवसापासून हाताने लिहा.

हाताने हे मी मुद्दाम म्हणतोय. कोड कॉपी-पेस्ट करू नका, निदान सुरुवातीला तरी. आणि पान नीट दिसायला लागलं की ते मोडा. माझ्या मते खरा सराव हाच, आणि नेमका तोच कोणी करत नाही. मथळ्याच्या बंद करणाऱ्या टॅगमधली तिरकी रेघ काढून बघा: खालचा मजकूरसुद्धा मोठा आणि ठळक होतो. दुव्याच्या पत्त्याचं शेवटचं अवतरणचिन्ह काढून बघा: पुढचं अवतरणचिन्ह सापडेपर्यंतचा सगळा मजकूर ब्राउझर पत्त्यातच धरतो, आणि पानाचा तेवढा तुकडा गायब. ब्राउझर चूक सांगत नाही, जमेल तसं सांभाळून घेतो. त्यामुळे कोणत्या चुकीने पान कसं बिघडतं हे डोळ्यांत बसलेलं असावं लागतं. एआयची मदत घ्यायला हरकत नाही, पण 'हे असं का झालं' एवढंच विचारा, अख्खं पान लिहून मागू नका.

दुसऱ्यांची पानंही वाचा. कंट्रोल आणि यू दाबलं की पानाचा सोर्स उघडतो. आजच्या मोठ्या साइटचा सोर्स बघून घाबरायला होईल, म्हणून जगातली पहिली साइट बघा. टिम बर्नर्स-ली यांनी ती युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत केली, १९९१ साली ती लोकांसमोर आली आणि आजही उघडते. मथळा, मजकूर आणि दुवे, एवढंच. पानाचे रंग, फॉन्ट, अंतरं ठरवणारं सीएसएस तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

सीएसएसकडे टेबल नीट झाल्यावर वळा. इंग्रजी धड्यांतले आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. फॉन्टच्या दीड ते पावणेदोन पट ठेवा. लेटर-स्पेसिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, हातच लावू नका, शिरोरेषा तुटते. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे. आणि व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पान मोबाइलच्या रुंदीत बसवायला सांगणारा, मेटा टॅग विसरू नका. एसटीची वेळ माणूस मोबाइलवरच बघणार, आणि तो टॅग नसेल तर पान मुंगीएवढ्या अक्षरांत उघडतं.

मग पान गिटहब पेजेसवर, म्हणजे पानं इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेवर, चढवा, फुकट आहे. फाईलचं नाव 'index.html' ठेवा, आणि सगळ्या फाईलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, तिथल्या सर्व्हरला पडतो. घरी दिसणारा फोटो तिथे दिसला नाही तर आधी हे तपासा.

लिंक घरच्यांना पाठवा. कोणीतरी विचारेलच, 'आत्ता पुढची गाडी कितीची ते थेट दिसेल का?' जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला असा हिशेब करायला लावणारी भाषा, तेव्हा सुरू करा, त्याआधी नको. आत्ताची वेळ घ्यायची, टेबलातल्या वेळांशी ताडून बघायची आणि पुढे असलेली पहिली गाडी रंगवायची. शेवटची गाडी निघून गेल्यावर काय दाखवायचं, ते मात्र कोड लिहिण्याआधी कागदावर ठरवून घ्या.