मानेतला जायंट सेल ट्यूमर : अखंड काढायचा की खरवडायचा?

तुमच्या प्रश्नाचं सार असं : बहीण २८ वर्षांची, सी-५ (मानेतला पाचवा) मणका पोखरलेला, बायोप्सीत जायंट सेल ट्यूमर (महाकाय पेशींची, हाड पोखरणारी गाठ), उजव्या हाताला मुंग्या पण ताकद शाबूत. ठाण्यातले सर्जन म्हणतात गाठ अखंड काढू; वाशीतले म्हणतात आधी डेनोसुमॅब (हाड पोखरणं थांबवणारं इंजेक्शन), मग खरवडू.

आधी निदान पक्कं करा. आपल्याकडे मणका पोखरलेला दिसला की पहिला संशय टीबीचा. टीबी बहुतेकदा मधल्या गादीसकट (डिस्क) शेजारचे दोन मणके धरतो. ही गाठ सहसा एकाच मणक्याच्या बॉडीत (पुढच्या जाड भागात) वाढते आणि गादी बरेच दिवस वाचते. रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) पाहिलंय का? पॅराथायरॉइडच्या बिघाडातला ब्राउन ट्यूमर सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास असाच दिसतो, आणि त्याचा मुख्य इलाज गळ्यातल्या ग्रंथीवर असतो. छातीचा सीटीही हवा, कारण ही गाठ साधी (कर्करोग नसलेली) म्हणवते तरी क्वचित फुप्फुसात जाते. बायोप्सीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) दोन्ही ताब्यात घ्या. खारघरचं ॲक्ट्रेक (टाटाचंच कर्करोग केंद्र) असो वा परळचं टाटा, दुसरं मत स्लाइड पुन्हा वाचूनच घ्यावं.

अखंड काढल्यास गाठ परतण्याचं प्रमाण कमी, हे खरं. पण मानेत ते फार थोड्यांत जमतं. मणक्याचं कडं मज्जारज्जूभोवती बंद असतं. ते दोन जागी तोडल्याशिवाय बॉडी सुटत नाही, आणि तोडायची जागा गाठीपासून मोकळी हवी. त्यात सी-६ पासून वर व्हर्टिब्रल आर्टरी (मेंदूला रक्त नेणारी धमनी) प्रत्येक मणक्याच्या बाजूच्या भोकातून जाते. एका बाजूची बंद करायची तर आधी बलून ऑक्लूजन टेस्टने (फुग्याने ती तात्पुरती अडवून) दुसरी मेंदूला पुरते का ते पाहतात. आणि नसा : छातीच्या मणक्यात एखादी कापली तर बहुधा निभावतं, इथे सी-५ ची नस गेली की हात खांद्यातून उचलत नाही. म्हणून सर्जनना सीटी समोर ठेवून विचारा, नेमकं कुठे कापणार? ‘आत गेल्यावर बघू’ म्हणाले, तर ते तुकड्यातुकड्यांनी काढणं आहे. तेही वाईट नाही, फक्त त्याला अखंड म्हणू नये.

डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम त्वचेखाली, दर ४ आठवड्यांनी. पहिल्या महिन्यात ८व्या आणि १५व्या दिवशी जादा डोस. त्याने महाकाय पेशी जातात, गाठीभोवती हाडाचं कवच धरतं. गाठीच्या मूळ पेशी मात्र त्या नव्या हाडात दडून राहतात. अखंड काढायचं असेल तर कवच कामाचं. खरवडायचं असेल तर तेच आडवं येतं : क्युरेट (खरवडायचं हत्यार) टणक हाडाला लागतो, निरोगी हाड आलं असं वाटतं आणि गाठ मागे राहते. म्हणून खरवडण्याआधी इंजेक्शनं द्यायची तर मोजकीच, आणि कशासाठी ते आधी ठरवून. सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, गर्भधारणा नसल्याची खात्री. हाताची ताकद घटू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर इंजेक्शनच्या परिणामाची वाट पाहू नका.

शस्त्रक्रियेच्या साधारण २४ ते ४८ तास आधी एम्बोलायझेशन (गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बंद करणं) करतात, कारण ही गाठ प्रचंड रक्त सांडते. मानेत त्याच वाहिन्यांतून मज्जारज्जूलाही फाटे असतात, त्यामुळे एखादी मुद्दाम सोडावी लागते. मग बहुधा मागून स्क्रू-रॉड, पुढून बॉडी काढून तिच्या जागी केज (आधाराचा पिंजरा) आणि प्लेट, हाय-स्पीड बरने (वेगाने फिरणाऱ्या ड्रिलने) कडा घासणं. गुडघ्यात उरलेल्या पेशी मारायला वापरतात ते फिनॉल किंवा द्रव नायट्रोजन मज्जारज्जूलगत नको. कार्बन फायबरचं इम्प्लांट मिळत असेल तर विचारा. टायटॅनियममुळे पुढचे एमआरआय गढूळ दिसतात.

पहिले एक-दोन दिवस मान फुगणं, आवाज बदलणं, श्वास अडकणं यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. आत रक्त साचलं तर ताबडतोब उघडावं लागतं. गिळायला त्रास काही आठवडे राहू शकतो. काही दिवसांनी खांदा लुळा पडला तर ती बहुधा सी-५ पाल्सी (त्या नसेची दुर्बलता), बरेच जण काही महिन्यांत सावरतात. कॉलर असेपर्यंत घोडबंदरच्या खड्ड्यांतून रिक्षा नकोच. महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर मंजुरीचं भरती होण्याआधी विचारा.

पहिली २ वर्षं दर ३-४ महिन्यांनी स्कॅन, पुढे ५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सीटीची नुसती फिल्म नको, सीडी मागून घ्या. पुढची प्रत्येक तुलना तिच्याशीच होणार.