फॅक्स प्रोग्रॅममधून आउटलुकची अ‍ॅड्रेस बुक उघडत नाही, काय करू?

आधी दोन्हींचे बिट जुळतात का ते बघा. फॅक्स प्रोग्रॅम ३२-बिट आणि आउटलुक ६४-बिट असेल तर अ‍ॅड्रेस बुक बहुतेक उघडणारच नाही. असे प्रोग्रॅम पत्ते मॅपीमार्फत (इतर प्रोग्रॅमना आउटलुकचे पत्ते आणि मेल वापरू देणारा दुवा) मागतात, आणि ३२-बिट प्रोग्रॅमला आउटलुकची ६४-बिट मॅपी लोड करता येत नाही. वर संदेश येतो तो ‘डीफॉल्ट मेल क्लायंट नाही’ अशा अर्थाचा, मग लोक उगाच डीफॉल्ट बदलत बसतात. आउटलुकमध्ये फाइल, ऑफिस अकाउंट, अबाउट आउटलुक इथे बिट कळतील. जुळत नसतील तर फॅक्स प्रोग्रॅमची ६४-बिट आवृत्ती टाका. ती नसेल तर कॉन्टॅक्ट्स सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये काढून तिकडे इम्पोर्ट करा. मात्र बुक उघडते आणि काही नावंच गायब असतात, तेव्हा दोष बिटांचा नसतो. ईमेल किंवा फॅक्सचा रकाना भरलेलेच कॉन्टॅक्ट्स तिथे दिसतात.