क्लॅरेट जगांसाठी मुदत ठेव मोडावी का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. आजोबा संस्थानी नोकरीत असताना घरात आलेला विलायती कट ग्लासचा संच सांगलीच्या गावभागातील आपल्या घरी आहे. त्यात चांदीची मान, मूठ आणि झाकण असलेले दोन क्लॅरेट जग (लाल वाइन ओतण्याची काचेची उंच भांडी), एक बिस्किटांचा डबा, चार मीठदाण्या आणि मसाल्याच्या सहा बाटल्यांचा एक स्टँड आहे. पुण्यातील चुलत बंधू आपला अर्धा हिस्सा 3 लाख 50 हजार रुपयांना आपल्याला देऊ करीत आहेत, आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याने छायाचित्रांवरून सांगितलेल्या 7 लाखांच्या आकड्याचा तो निम्मा आहे. निवृत्तीला 2 वर्षे उरली आहेत, मुलीचे लग्नही त्याच सुमारास आहे आणि हाताशी 12 लाखांची मुदत ठेव आहे. चांदी चढतेच आहे, तेव्हा ठेवीचा काही भाग मोडून हा हिस्सा घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जग हातचे जाऊ द्यावेत असेही मी म्हणणार नाही.

प्रथम चांदीविषयी. जगाच्या मानेच्या छायाचित्रात चालता सिंह, जहाजाचा नांगर आणि एक अक्षर असे तीन ठसे दिसतात. सिंह म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग, अर्थात 1000 भागांत 925 भाग शुद्ध चांदी. नांगर ही बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची खूण. आणि अक्षरावरून तपासणीचे वर्ष कळते. आपण संच दीडशे वर्षांचा असल्याचे लिहिले आहे, परंतु त्या काळी कर भरल्याची खूण म्हणून राजा किंवा राणीच्या मुखवट्याचाही ठसा मारीत आणि ती पद्धत 1890 मध्ये बंद झाली. आपल्या जगांवर तो मुखवटा दिसत नाही, त्यामुळे ते 1890 नंतरचे असण्याचाच संभव अधिक आहे. ठसे पुसट आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चिंच आणि रांगोळीने भांडी घासणाऱ्या घरांत हे व्हायचेच. यापुढे तरी फक्त मऊ कापडाने पुसावे.

मसाल्याच्या स्टँडची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या तळाशी ‘ई. पी. एन. एस.’ ही अक्षरे स्पष्ट आहेत. त्यांचा अर्थ, निकेल सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा मुलामा. आपल्याकडे ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तोच हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नाही. चांदी म्हणून त्याची किंमत शून्य धरावी.

उरलेल्या वस्तूंत चांदी किती, हे कोणताही सराफ नुसते तोलून सांगू शकणार नाही, कारण काट्यावर काचेचे वजनही येते आणि चांदी सुटी करायची तर जोड उखडावा लागतो. आपण हिशोबापुरते 600 ग्रॅम धरू. त्यातील शुद्ध चांदी 555 ग्रॅम, आणि ग्रॅमला 200 रुपये भाव धरला तर तिचे 1 लाख 11 हजार रुपये होतात. खरा भाव आपण त्या दिवशीचा पाहावा. म्हणजे 7 लाखांपैकी जवळजवळ 5 लाख 89 हजार रुपये काचेचे पैलू, घडणावळ, जुनेपणा आणि मुख्यतः असे काही हवे असलेल्या गिऱ्हाइकाचे आहेत. चांदीचा भाव उद्या दीडपट झाला तरी वाढेल तो केवळ चांदीच्या किमतीचा भाग. सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात विट्याच्या व्यावसायिकांनी देशभर नाव काढले, पण गलाईच्या मुशीत घडणावळीला किंमत नसते.

त्या व्यापाऱ्याला एकच प्रश्न लेखी विचारावा: ‘हा संच 7 लाखांना आपण स्वतः घ्याल का?’ दुकानात वस्तू विकण्याचा भाव आणि दुकानाने ती आपल्याकडून घेण्याचा भाव यांत मोठे अंतर असते, आणि छायाचित्रावरून सांगितलेला आकडा बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. समजा आपण 3 लाख 50 हजार ठेवीतच राहू दिले आणि 7 टक्के दराने 3 वर्षे व्याज मिळाले, तर त्याचे सुमारे 4 लाख 29 हजार होतील. विक्रीत 20 टक्के दलाली गेली असे धरल्यास, तेवढेच पैसे हाती येण्यासाठी घेतलेला हिस्सा 5 लाख 36 हजारांना, म्हणजे अख्खा संच 10 लाख 72 हजारांना विकला गेला पाहिजे. आणि लग्नाचा खर्च तर त्याआधीच उभा राहणार आहे.

लंडनच्या लिलावातील भाव पाहून कोणी आशा दाखवली, तर 1972 चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा लक्षात असू द्यावा. 100 वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर विकण्यासाठी पाठवता येत नाही. म्हणून ते वर्षाचे अक्षर वाचून घेणे महत्त्वाचे आहे.

पैसे द्यायचेच झाले तर बँकेतूनच द्यावेत. 2 लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे आपल्या बंधूंना, बसतो. घरगुती वापराच्या वस्तूंच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर साधारणपणे लागत नाही, परंतु कलाकृतींना ती सवलत नाही. हा संच कशात मोडतो हे सनदी लेखापालाला विचारावे, आणि वारशाचा व विकत घेतलेला हिस्सा यांचे कागद वेगळे ठेवावेत.

मला सुचणारा मार्ग वाटणीचा आहे. जगांची जोडी फोडू नये, कारण सुट्या दोन जगांपेक्षा जोडीला बहुधा अधिक किंमत येते. जोडी आपण ठेवावी. डबा, मीठदाण्या आणि स्टँड बंधूंना द्यावा. आणि स्वतंत्र मूल्यांकन करून जो फरक निघेल तो आपण भरावा. ही रक्कम 1 लाखापर्यंत असेल आणि बचत खात्यातून जात असेल तर मी आडकाठी करणार नाही, मात्र तिची नोंद गुंतवणुकीत नव्हे, हौसेच्या खर्चात करावी. मूल्यांकनाच्या वेळी झाकणाची बिजागरी आणि चांदीच्या कडेखालची काच भिंगातून पाहून घ्यावी. तडे तिथेच लपतात. आणखी एक: उन्हाळ्यात या जगांतून लिंबू सरबत देतो, असे आपण कौतुकाने लिहिले आहे. अशा जुन्या काचेत बहुधा शिसे असते आणि आंबट पदार्थात ते उतरते, तेव्हा सरबतासाठी दुसरे भांडे घ्यावे.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी सुमारे 57 फुटांवर गेले होते, हे गावभागातील माणसाला मी सांगायला नको. जग तळमजल्यावरच्या कपाटातून वरच्या मजल्यावर न्यावेत, आणि घराच्या विम्यात मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक संरक्षण घेताना काच फुटल्यास भरपाई मिळते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

बंधूंना होकार कळवण्यापूर्वी वर्षाच्या अक्षराचे जवळून घेतलेले एक छायाचित्र मला पाठवावे. प्रकाश बाजूने पडू द्यावा, म्हणजे पुसट ठसाही उठून दिसतो.