एपी केमिस्ट्रीसाठी २०१२ची जुनी पुस्तकं चालतील का? (मुलगी अकरावीत, न्यू जर्सी)

सरावाची गणितं सोडवायला चालतील, पण परीक्षेचं स्वरूप त्यावरून समजून घेऊ नका. एपी म्हणजे अमेरिकेत शाळेतच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम; तो चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाने २०१३-१४ पासून केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम पार बदलला. पूर्वी ७५ बहुपर्यायी प्रश्न असायचे, प्रत्येकी पाच पर्याय. आता ६० प्रश्न, चार पर्याय, वेळ मात्र तीच, ९० मिनिटं. पुढे सात लेखी प्रश्न (तीन मोठे, चार छोटे), त्यांना १०५ मिनिटं.

खरा फरक आशयात आहे. अणुकेंद्रीय रसायन, क्वांटम अंक लिहिणं, कोलिगेटिव्ह गुणधर्मांची (द्रावणात किती कण विरघळलेत यावर ठरणाऱ्या गुणधर्मांची) गणितं गेली. त्याऐवजी फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीचा (अणूतले इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते ते दाखवणारा) आलेख वाचणं आलं, आणि तो नेमका जुन्या पुस्तकांत बहुधा सापडत नाही. पाठांतरापेक्षा 'असं का होतं' हे कणांच्या पातळीवर समजावणं महत्त्वाचं झालं. आपल्याकडे समीकरणं घोकून बारावी काढलेल्या आईबापांना (मी त्यातलाच!) हे जरा जड जातं.

२०२३ पासून दोन्ही भागांत कॅल्क्युलेटर चालतो. २०२५ पासून प्रश्न ब्लूबुक या बोर्डाच्या परीक्षा-ॲपवर दिसतात, लेखी उत्तरं मात्र कागदावरच. तेव्हा आधी बोर्डाच्या संकेतस्थळावरचे अलीकडचे लेखी प्रश्न उतरवून घ्या, फुकट आहेत.