मैदानाचं बोलावणं आलं म्हणून धावू नकोस

डिचोली, गोवा

चिरंजीव पैलवान,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. बेळगावकडच्या जत्रेत तुझी जोड ठरते आहे, समोरचा तुझ्याहून दहा-बारा किलोंनी जड, इनाम चांगलं. जाऊ का, असं विचारलंस. ही जोड घेऊ नकोस. का, ते सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न तुला दर हंगामात पडणार आहे.

गादीवर, म्हणजे मॅटवर, वजनगट असतो, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, गुण असतात. मैदानात, म्हणजे जत्रेतल्या मातीच्या कुस्तीत, तुझं वजन करायला काटा नसतो. मोठ्या जोडी आधी ठरून पत्रकावर छापल्या जातात, बाकीच्या तिथल्या तिथे लागतात. पोरं आखाड्याला फेरी मारतात, पंच दोघांना शेजारी उभं करून खांद्याला खांदा लावून बघतात, मांड्यांवर नजर टाकतात, की लागली जोड. हलगी कडाडत असते, गाव बघत असतं, तेव्हा नाही म्हणायला जीभ वळत नाही. तरी म्हणायचं. बरोबरीची जोड मागणाऱ्याला कुठलाही जाणता वस्ताद भित्रा म्हणत नाही.

तू चितपट होशील, ही मला काळजी नाही. हरणं-जिंकणं मातीतच राहतं. तुझा डाव पटाचा, म्हणजे खाली वाकून समोरच्याचे पाय धरायचा. तू पटात शिरलास आणि त्याने वरून सगळा भार टाकला, की तुझा पाय मातीत रुतलेला आणि अंग फिरलेलं. तिथेच गुडघा जातो. हंगाम दिवाळीनंतरचा, पाऊस लागायच्या आत संपणारा. ऐन हंगामात गुडघा गेला तर वर्षाची कमाई गेली, आणि घरी बसलेल्या पैलवानाला खुराकाचे पैसे कुणी देत नाही.

इनामाच्या आकड्यावर भुलू नकोस. चोर्ला घाटातून जाणं-येणं, सोबत्याचं भाडं, दूध-बदाम, मालीश हे सगळं त्यातूनच जाणार. म्हणून होकार देण्याआधी विचार: कुस्ती निकाली, म्हणजे कुणी चीत होईपर्यंतची, की ठरलेल्या वेळेची? बरोबरीत सुटली तर हातात काय? भाडं कोण देणार? हे विचारताना लाजायचं नाही, तो तुझा धंदा आहे. आणि कुणी कानात सांगितलं, 'थोडं खेळवू, मग बरोबरीत सोडवू', तर तिथूनच माघारी फिर. नुरा कुस्ती गावाला लगेच कळते. एका जत्रेतली गोष्ट पुढच्या जत्रेत तुझ्याआधी पोचते, मग तुझी खरी कुस्तीही लोक खोटी धरतात.

मातीबरोबर गादी सोडू नकोस. महाराष्ट्र केसरी ही त्या राज्याच्या मल्लांची स्पर्धा, तुझी वाट गोव्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेला जाते. सैन्यात, रेल्वेत खेळाडू म्हणून भरती होते ती अशाच प्रमाणपत्रांवर. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, पण पोटापाण्यासाठी त्यांनाही १९५५ मध्ये पोलीस खात्यात नोकरी धरावी लागली. तुझ्या आईला मी हे आधीच सांगितलंय.

खुराकाचं फार मनावर घेऊ नकोस. सकाळची पेज, अंडी, बांगडे, दूध हे पुरे. कुणी पुडी किंवा सुई पुढे केली तर हात लावू नकोस. उत्तेजक चाचणीत सापडलास तर गादीचं दार बंद. आपल्या दमट हवेत गजकर्ण लवकर धरतं, लांग रोज धुऊन उन्हात वाळव, दुसऱ्याचा टॉवेल घेऊ नकोस.

आता संयोजकांना आज रात्रीच फोन कर. उद्यावर टाकलंस तर पत्रक छापून होईल. 'माझ्या वजनाची जोड द्या, इनाम कमी चालेल,' एवढंच सांग. त्यांनी ऐकलं तर खुशाल जा, मीही येतो. नाही ऐकलं तर त्या दिवशी तालमीत ये, तुझ्या पटातला डावा पाय अजून उशिरा येतो, त्यावर बसू.

तुझा,
काका