बीटा परीक्षा द्यावी की थांबावं? खानापूरच्या मुलीला उत्तर

तू काका म्हणून विचारलंस, म्हणून एकेरीतच लिहितो. तुझं म्हणणं थोडक्यात असं. क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरच्या कामाच्या, एका नव्या असोशिएट (मधल्या पातळीच्या) परीक्षेची बीटा, म्हणजे रीतसर सुरू होण्याआधीची चाचणी फेरी, अर्ध्या फीमध्ये निघालीय. निकाल तीन महिन्यांनी लागणार, बाजारात तिचं एकही पुस्तक नाही. दहावीपर्यंत खानापुरात मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि गेलं दीड वर्ष बेळगावात सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीनं ती द्यावी, की परीक्षा रीतसर सुरू होईपर्यंत थांबावं? त्यात मार्चमध्ये पुण्यात एक मुलाखत आहे, तिथे सर्टिफिकेट दाखवायचंय.

मुलाखतीसाठी म्हणून देऊ नकोस. तारखेशी बांधलेल्या कामाला बीटा उपयोगाची नाही, कारण निकाल कधी लागणार हे तुझ्या हातात नसतं. मुलाखत बाजूला ठेवलीस तर मात्र नक्की दे. तू जे जे उणं म्हणून लिहिलंयस, मराठी माध्यम, दीडच वर्षाचा अनुभव, त्यामुळेच तू बीटाला हवी तशी परीक्षार्थी आहेस. कशी, ते सांगतो.

माझे वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, होते. नवा पॅटर्न, म्हणजे साचा ज्यावरून करतात तो नमुना, आला की थेट हजार नग ओतत नसत. आधी दोन-चार ओतायचे, एखादा कापून आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, आहे का, आकसून माप कमी पडलंय का ते बघायचे, मग पॅटर्न दुरुस्त करायचा. बीटा परीक्षेत प्रश्नांचं तेच होतं. एखादं सर्टिफिकेट काढायचं ठरलं की ते देणारी कंपनी आधी त्या कामातली माणसं बोलावून प्रत्यक्ष काम काय काय असतं त्याची यादी करते. त्यावरून कुठल्या भागाला किती गुण ते ठरतं, मग तज्ज्ञ प्रश्न लिहितात, दुसरे तपासतात. एवढं होऊनही प्रश्न चांगला आहे की नाही हे टेबलावर बसून कळत नाही. शंभर-दोनशे खऱ्या माणसांनी तो सोडवल्यावरच कळतं.

म्हणूनच बीटात प्रश्न जास्त असतात. 2024 साली एडब्ल्यूएसनं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड कंपनीनं, मशीन लर्निंग इंजिनिअर असोशिएटची बीटा काढली तेव्हा 85 प्रश्न आणि 170 मिनिटं होती, फी 75 डॉलर. तीच परीक्षा नंतर रीतसर सुरू झाली ती 65 प्रश्न, 130 मिनिटं आणि 150 डॉलरची. दर प्रश्नाला वेळ तेवढाच, दोन मिनिटं, पण जवळजवळ तीन तास सलग बसावं लागतं. माझ्या पहिल्या बीटात मी इथेच मार खाल्ला. विषय येत होता, पण शेवटच्या वीस प्रश्नांना डोकं चालेना आणि नापास झालो. घरी सलग तीन तास बसायचा सराव चार वेळा तरी कर.

निकालाला वेळ का लागतो, हे एकदा समजलं की त्या तीन महिन्यांचा राग येत नाही. बीटाची मुदत संपली की आकडेवारीची माणसं एकेक प्रश्न घेऊन बसतात. किती टक्के लोकांना तो आला हे पहिलं बघतात. सगळ्यांनाच आला तर तो काहीच मोजत नाही. त्याहून महत्त्वाचं, एकूण परीक्षेत ज्यांना चांगले गुण पडले त्यांना हा प्रश्न आला का, हे बघतात. हुशार माणसं चुकतायत आणि खालच्या गुणांची बरोबर उत्तर देतायत असं दिसलं, तर उत्तराची किल्ली तरी चुकलीय किंवा प्रश्नाची भाषा तरी फसवी आहे. चार पर्यायांतला एखादा कोणीच निवडला नसेल, तर तो नुसता जागा भरायला बसलाय. असे प्रश्न दुरुस्त होतात किंवा गळतात. गळून उरलेल्यांवरच तुझे गुण धरतात, म्हणजे वाईट प्रश्नाचा फटका तुला बसत नाही.

यानंतर पासाची रेषा ठरते. बऱ्याच ठिकाणी त्याला अँगॉफ पद्धत वापरतात. तज्ज्ञांना सांगतात, उंबरठ्यावर उभा असलेला एक उमेदवार डोळ्यांसमोर आणा, ज्याला जेमतेम पण खरंच काम येतं असा. तो हा प्रश्न बरोबर सोडवण्याची शक्यता किती? प्रत्येक प्रश्नाला असा अंदाज घेतात, सगळ्यांची सरासरी काढतात, त्यांची बेरीज होते, आणि बीटाच्या खऱ्या आकड्यांशी ताडून रेषा पक्की होते. आता बघ, पंधरा वर्षं तेच काम केलेला माणूस तो उमेदवार कल्पनेनं उभा करतो. तू दीड वर्ष हेच काम करतेयस, म्हणजे त्या उंबरठ्यावर तू खरीच उभी आहेस. बीटाला फक्त मुरलेली माणसं बसली तर सगळेच प्रश्न सोपे दिसतील, आणि रेषा तुझ्यासारख्यांच्या डोक्यावरून जाईल.

भाषेबद्दल मला मनापासून लिहायचंय. आपल्याकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि पोटापाण्याला इंग्रजी. निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांचं हेच. त्यामुळे इंग्रजी प्रश्न वाचताना समजलं नाही की आपण लगेच स्वतःला दोष देतो, आपलंच इंग्रजी कच्चं म्हणतो. मी दहा-बारा वर्षं तेच केलं. मग एका बीटात एक प्रश्न आला, ज्यात दोन नकार एकमेकांत अडकलेले होते. कोणता ते सांगता येत नाही, तसं लिहून दिलंय. तीनदा वाचला, कागदावर मराठीत उलगडून बघितला आणि लक्षात आलं की विषय मला पूर्ण येतोय, वाक्यच वेडंवाकडं आहे. बीटात प्रश्नाबद्दलचं आपलं म्हणणं कंपनीला लिहून कळवता येतं. त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्नाखाली असा शेरा लिहिला. पुढे त्या प्रश्नाचं काय झालं हे परीक्षार्थीला कळवत नाहीत. पण हॉलमधून बाहेर आलो तेव्हा मान ताठ होती.

सर्व्हर कसा सांभाळतेस हे मोजायची परीक्षा असेल तर तिनं इंग्रजी व्याकरणाची अडवणूक करता कामा नये. प्रश्न लिहिणाऱ्यांनाही हेच शिकवतात, की उगाच नकारार्थी विचारू नका, वाक्प्रचार वापरू नका. तरी चुका राहतात, कारण लिहिणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. तुला दिसतील. इंग्रजी घरात बोलणाऱ्याला जे वाक्य सहज वाटतं, त्यात तू जिथे अडखळशील तिथे खरंच खड्डा असण्याची शक्यता मोठी आहे. तो दाखवून दे.

शेरा मात्र कामाचा लिही. 'प्रश्न फार अवघड आहे' याचा कोणाला उपयोग नाही. 'दुसरा आणि तिसरा दोन्ही पर्याय बरोबर ठरतात, कारण डेटा कुठे साठवलाय हे प्रश्नात सांगितलेलं नाही' असं लिहिलंस तर समोरच्याला दुरुस्ती करता येते. 'या शब्दाचे दोन अर्थ होतात, मी अमुक धरून उत्तर दिलं' हेही चांगलं. लिहायचं इंग्रजीत, पण शाळेतलं साधं इंग्रजी पुरतं, स्पेलिंग कोणी तपासत नाही. काही परीक्षांत प्रश्नासोबतच शेरा लिहिता येतो, काहींत अगदी शेवटी. सुरुवातीच्या सूचना नीट वाच. आणि आधी उत्तर नोंदव, मग शेरा. उत्तर कोरं ठेवून शेरे लिहीत बसलेले लोक मी बघितलेत.

पुस्तक नाही म्हणून घाबरू नकोस. परीक्षेची अधिकृत मार्गदर्शिका असते, तेच पुस्तक. त्यात भाग आणि टक्के दिलेले असतात. वर म्हटलेल्या मशीन लर्निंगच्या परीक्षेत डेटाच्या तयारीला 28 टक्के, मॉडेल तयार करण्याला 26, ते चालू करण्याला 22, देखरेख आणि सुरक्षेला 24 असे होते. तुझ्या परीक्षेचे टक्के वहीत उतरव. प्रत्येक मुद्द्यासमोर लिही, हे मी हातानं केलंय, हे नुसतं वाचलंय, हे माहीतच नाही. तिसऱ्या रकान्यातली कामं क्लाउडच्या मोफत खात्यावर स्वतः करून बघ. बीटाला पाठांतर चालत नाही, पाठ करायला काही नसतंच. रोज हातानं काम करणाऱ्याला त्याचा फायदाच आहे.

आता एक गोष्ट कडक शब्दांत. परीक्षा दिल्याच्या संध्याकाळी तुला व्हॉट्सॲपवर मेसेज येतील, 'काय काय आलं ते टाक की'. ओळखीचीच मुलं असतील, अंगोलची, वडगावची, चिकोडीची. एकही प्रश्न सांगायचा नाही. सुरुवातीला तू जो गोपनीयतेचा करार मान्य करतेस तो मोडला तर निकाल रद्द होतो, पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. त्याहून मोठं नुकसान असं, की फुटलेला प्रश्न कोणी पाठ करून सोडवला की तो काम येतं की नाही हे सांगेनासा होतो, आणि खरोखर अभ्यास केलेल्या मुलाच्या सर्टिफिकेटवरचा विश्वास उडतो. डंप, म्हणजे असे फुटलेले प्रश्न, विकत घेणाऱ्यांचं वाईट वाटतं मला. पैसे जातात आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडतात.

सवलतीचंही नीट बघून घे. मायक्रोसॉफ्टच्या कित्येक बीटांत पहिल्या 300 जणांना 80 टक्के सूट असते, पण त्याच घोषणेत भारत, पाकिस्तान, चीन आणि तुर्कस्तानला ती लागू नाही असंही लिहिलेलं असतं. आपली पोरं वरची ओळ वाचून उड्या मारतात. गूगल क्लाउडच्या बीटांना 40 टक्के सूट मिळत आलीय. तुझी अर्ध्या फीची आहे, तरी वर कर लागतो, तो धरून हिशेब कर.

नापास झालीस तर पैसे गेले, हे खरं. बीटा बहुधा एकदाच देता येते, आणि निकाल हातात येईपर्यंत तीच परीक्षा पुन्हा देता येत नाही. पास झालीस तर मिळणारं सर्टिफिकेट पूर्ण असतं, त्यावर बीटाचा कमीपणा कुठे नसतो. मधल्या काळात बायोडाटावर 'सर्टिफाइड' लिहू नकोस. 'बीटा परीक्षा दिली, निकाल बाकी' एवढं लिही. पुण्याच्या मुलाखतीत तेच सांग आणि समोरच्यानं विचारलं तर शेरे लिहिल्याचंही सांग. मी मुलाखती घेतो तेव्हा असं सांगणाऱ्या उमेदवाराशी दहा मिनिटं जास्त बोलतो.

अजून एक, तू एडब्ल्यूएसची कुठलीही परीक्षा इंग्रजीत देणार असशील तर मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांना 30 मिनिटं वाढवून मिळायची सोय आहे. ती नोंदणीच्या आधी मागावी लागते, तारीख घेतल्यावर नाही. यात कमीपणा काही नाही, आपला हक्क आहे तो. तुझ्या बीटाला ती चालते का, ते तारीख घेण्याआधीच अर्जात बघ.

नावाचं काम आजच कर. आपल्याकडे एका कागदावर आधी आडनाव, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मधे, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. परीक्षेच्या खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. पासपोर्ट असेल तर तोच धर आणि त्यावर आहे तसंच नाव खात्यावर घाल.

राहिलं ठिकाण. माझ्या वेळी मी रात्रीच्या बसनं पुण्याला गेलो होतो, साडेतीनशे किलोमीटर, आणि डोळ्यांत झोप घेऊन पेपर दिला. तसं करायचं असेल तर आदल्या दिवशी पोच. घरून द्यायची सोय आहे, पण खानापूरचा पाऊस तुला सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीतल्या एकाची वीज चाळिसाव्या प्रश्नाला गेली आणि पुढचे आठ दिवस पत्रव्यवहारात गेले. घरून देताना खोलीत दुसरं कोणी येता कामा नये, टेबल रिकामं लागतं, कॅमेऱ्यानं सगळी खोली दाखवावी लागते. कंपनीचा लॅपटॉप वापरू नकोस, त्यातल्या फायरवॉलमुळे परीक्षेचं सॉफ्टवेअर अडतं. स्वतःचा घे आणि त्याच जागी, त्याच नेटवर आधी चाचणी करून बघ.

बेळगावात टिळकवाडीत आमच्या ऑफिसची मागची खोली आहे. दार आतून बंद होतं, यूपीएस दोन तास चालतो आणि खाली जनरेटर आहे. तारीख रविवारची घेतलीस तर त्या दिवशी इमारतीत कोणी नसतं. तारीख ठरली की कळव, किल्ली शनिवारी संध्याकाळी देतो, म्हणजे लॅपटॉप लावून बघायला तुला रात्र मिळेल.