मधल्या टप्प्यावर इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा

कर्नाटकातल्या खानापूर, निपाणीकडे मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या घरी मराठी आणि सरकारी कचेरीत कन्नड असते. इंग्रजी कानावर फारसे पडत नाही, म्हणून शब्दांची भर मुख्यतः वाचनातूनच घालावी लागते, हे आधी ध्यानात घ्या. रोजच्या वापरातले सुमारे 2000 शब्द पक्के झाले असतील, तर भाषा-अभ्यासक एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली 570 शब्दकुटुंबांची (म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे) शैक्षणिक शब्दसूची हाती घ्या. मात्र ती घोकू नका. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य वहीत उतरवा आणि त्याच्या शेजारी कोणते शब्द बसतात ते पाहा: जोरदार पावसाला इंग्रजीत ‘हेवी’ लागते, ‘स्ट्राँग’ चालत नाही, कडक चहाचे नेमके उलटे आहे, आणि अशा जोड्या नुसता अर्थ पाठ करून उमगत नाहीत. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि महिन्याने अर्थ झाकून शब्द आठवून पाहा, कारण पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याच्या खटपटीने तो अधिक टिकतो. मोबाइलवरची, एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ असलेली कार्डे वापरायची तर ती स्वतःच तयार करावीत, असे माझे ठाम मत आहे. वाचायला मात्र 100 पैकी सुमारे 98 शब्द ओळखीचे असतील असाच मजकूर निवडा.